सहा आणि सहा

हॅलिफॅक्सच्या मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलात
दर दुसऱ्या शनिवारी आम्ही मोडकं दुरुस्त करतो.
चहा तीस पेन्स. दुरुस्ती फुकट.
क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइडचं टेबल खिडकीपाशी,
माझं हीटरला लागून,
कारण मी कूपवाडची; हे त्यानं न विचारताच ठरवलं.

आज थ्वेटबाईंनी नवऱ्याच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश आणला.
नवरा जाऊन नऊ वर्षं. फ्लॅश तेव्हापासून पेटीत.
बरोबर नातू रॉरी, वय अकरा,
दिसेल त्याला बोट लावणारा.

"थांब," क्लिफर्ड म्हणाला.
"त्यात बहुतेक काही नसेल.
पण 'बहुतेक'वर हात ठेवू नये."

आमच्याकडे पंखा नुसता गुणगुणला आणि फिरला नाही
की शेंबडं पोरही सांगतं, कंडेन्सर गेला.
चार वर्षं मी कारखान्यात तेच वळत होते,
फॉइल, पापुद्रा, फॉइल, पापुद्रा,
घट्ट, विड्यासारखे,
आणि कुणीच सांगितलं नाही
की साठतं ते पत्र्यात नसतं,
मधल्या पापुद्र्यात असतं,
कधीच एकमेकांना न टेकणाऱ्या
दोघांमधल्या ताणात.

रॉरी खुर्चीवर झुलायला लागला तसे
क्लिफर्डनं दोन कपॅसिटर काढले,
निळे, करंगळीएवढे, एकाच मापाचे.
एक भरला: बारा व्होल्ट. दुसरा रिकामा.
"जोड."
टिच्.
मीटरवर सहा. दुसऱ्यावरही सहा.

"निम्मं निम्मं," रॉरी म्हणाला, "बरोबर झालं."
"भाराचा हिशेब बरोबर. आता ऊर्जेचा कर.
व्होल्टला व्होल्टनंच गुणायचं."
पोरानं बिस्किटाच्या कागदावर मांडलं,
मी मनात पाढा म्हटला:
आधी एकशे चव्वेचाळीस.
आता सहा सक छत्तीस, आणि छत्तीस. बहात्तर.

रॉरीनं खरंच टेबलाखाली वाकून पाहिलं.

"वाटताना गेली," क्लिफर्ड म्हणाला.
"थोडी तारेत, थोडी त्या टिच्‌मध्ये.
तार कितीही जाड घे, निम्मी जातेच."

आईच्या बांगड्या चार होत्या.
दोन मला, दोन शशिकलाला.
सराफाच्या काट्यावर ग्रॅमला ग्रॅम जुळला.
त्यानंतर तिनं फोन केला नाही,
मीही नाही.
हिशेब बरोबर होता.
सांगलीत आता रात्रीचे साडेआठ वाजले असतील.

"म्हणजे न सांडता देताच येत नाही?"
क्लिफर्डनं ड्रॉवर उपसला.
तांब्याच्या तारेचं एक वेटोळं निघालं,
आणि एक डायोड, जाऊ देणारं
पण परत येऊ न देणारं दार.
"हे वेटोळं घाई करू देत नाही. एवढंच त्याचं काम."
पुन्हा बारा. जोड.
काहीच वाजलं नाही.
पहिल्यावर एक. दुसऱ्यावर अकरा.

"पण ही वाटणी नाही," रॉरी म्हणाला,
"हा तर सगळं देऊन बसला."

क्लिफर्ड चष्मा पुसत राहिला.
हल्ली सोल्डरिंग करताना त्याचा हात कापतो.
फेब्रुवारीपासून तो आपल्या डब्यांवर
एकेक करून माझं नाव चिकटवतोय,
रेझिस्टर, फ्यूज, स्क्रू बारीक, स्क्रू मोठे,
स्पेलिंग दर वेळी वेगळं.
"एक राहतो ना," तो म्हणाला. "चहापुरता."

फ्लॅशला आम्ही दाब हळूहळू चढवला.
इतकी वर्षं उपाशी असलेल्याला
एकदम जेवायला घालू नये.
मग ती शिट्टी सुरू झाली, बारीक,
वर, आणखी वर, कानापलीकडे,
आणि थ्वेटबाईंनी केस सारखे केले.
कुणी सांगितलं नव्हतं.

लख्ख.

हॉल पांढरा झाला, नंतर हिरवा,
चहाच्या भांड्यावर, भिंतीवर, बाईंच्या कोटावर
तोच एक हिरवा ठिपका तरंगत राहिला.
बटण बंद केलं तरी
मागचा लाल दिवा मालवेना.

"आता लावू हात?" रॉरीनं विचारलं.
क्लिफर्ड आणि मी एकदमच म्हणालो,
थांब.