अर्धा इंच

यावलला, लोटन शिंप्याच्या माडीवर
कापायच्या टेबलावर घोडदळ उभं.
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा ही टेकडी,
निळ्या खडूची रेघ ही नदी.

नेहेते म्हणतो, सहा इंच. पोचलो.
हेमराज म्हणतो, भो,
शेपटीपासून शेपटीपर्यंत मोज,
तू शेपटीपासून नाकापर्यंत मोजलंस.

कूलरही बंद केला,
वाऱ्याने एक भालेवाला सरकला म्हणून.
मे महिना. घामाचा थेंब नदीत.

शेवटी लोटनमामा वर येतात,
टेप चिमटीत धरून ओढून बघतात.
"हा ताणलाय रे केव्हाचा.
हेमराज, तुझ्या लग्नातल्या सुटाचं माप
ह्यानेच घेतलं होतं."

हेमराज नकळत काख चाचपतो.

घोडा अजून अर्धा पाण्यात.