टाकी नंबर सात

समुद्र पोत्यातून येतो. पंचवीस किलो.
मी तो पिंपात ढवळतो, खारटपणा मोजतो,
आणि पाषाणला, दुसऱ्या मजल्यावर, भरती होते.

टाकी सातमध्ये बोटाएवढा मासा, निळा, अंगावर काळा पट्टा.
मोठ्यांच्या जबड्यात शिरून दात-कल्ले साफ करतो.
आवडतो खरा त्याला गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर;
किडे खाणं ही नोकरी.
रांगेतलं कुणी बघत असेल तर नोकरी करतो.
नसेल, तर हळूच एक चावा.
गिऱ्हाईक दचकतं. मग हा त्याच्या पाठीवरून पर फिरवतो,
जाऊ द्या हो, म्हटल्यासारखा.

सोमवारी पोंक्षे मॅडमनी त्याच्या गळ्याखाली
सुईने तपकिरी ठिपका काढला, आरसा लावला.
बघत राहिला.
खाली जाऊन वाळूवर गळा घासला,
परत वर आला, आरशासमोर:
गेला का?

मॅडम फोनकडे धावल्या.
मी वहीत वेळ लिहिली, चार बावीस.
वरच्याच ओळीत शनिवारचा खारटपणा,
न मोजता लिहिलेला. सुट्टी होती, कुणी नव्हतं.

हात धुताना बेसिनच्या आरशात दिसलं,
हनुवटीला सुकलेलं मीठ.
बाहीने पुसलं, पुन्हा पाहिलं.

शनिवारचा आकडा अजून तसाच आहे.