मगर दिसते का

अकरा वर्षं दांडिया बाजारातून
मी स्टेशनकडे गेले नाही.
भावाला निरोपही दारातूनच.
घरचे म्हणत, मगरींना भिते बिचारी.
मगरींचं काय एवढं!
मला भीती विश्वामित्रीवरच्या पुलाची,
त्या सांध्याची,
जिथे चाक धप्प करतं
आणि पोटातला पूल आधी कोसळतो.

संझगिरीबाईंनी समजूत घातली नाही.
विचारलं, शंभरात किती?
पुलाचा नुसता फोटो : सत्तर.
मग टोकाशी, बंद स्कूटरवर : नव्वद.
पळायचं नाही.
आकडा उतरेपर्यंत बसायचं.

आज मधोमध, कठडा धरून.
ऐंशी. ऐंशीच.
पंचाहत्तर.
खारी शिंगवाला थांबला :
"बेन, मगर देखाय छे?"
म्हटलं, "हजी नथी."
आणि दोघं वाकून
खाली बघत राहिलो.