कारण : घरगुती

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं, घरगुती.
कुंपण पाडायचंय असं लिहिलं असतं
तर साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं,
"त्याला चार दिवस?"

त्याला चार दिवस.

पूर्णेतलं मीटरगेज उखडलं त्या साली
रेल्वेनं जुने स्लीपर लिलावात काढले.
गँगमन म्हणून ज्यांच्यावर तीस वर्षं वाकून काढली
त्यातलेच बावीस अप्पांनी विकत घेतले,
पदरच्या पैशानं.
आई म्हणाली, लोक ड्युटीवरून घरी येतात,
तुम्ही ड्युटीच बैलगाडीत घालून आणली.
मेथीच्या वाफ्यात डुकरं शिरू नयेत म्हणून
छातीएवढे खांब, मधे फळ्या.
डुकरं कुठून तरी शिरायचीच.

पहिल्या दिवशी एकही खांब निघाला नाही.
डिसेंबरातली काळी माती, पहार टणकन परत यायची.
पलीकडून हैबतीकाका, रिटायर पॉइंट्समन,
स्टुलावर बसून बघत होते.
"पोरी, वरून कामून भांडायलीस?
बुडाला रात्री पाणी सोड. सकाळी ती आपणहून सोडती."

रात्री बादल्या ओतल्या. सकाळी खरंच सोडलं,
दाढ निघावी तसं, आधी डुगडुगून.

फळ्यांना अप्पांनी एकेका जागी तीन-तीन खिळे मारलेले.
एकावर त्यांचा भरवसा नसायचा.
आम्हालाही प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायचे.
तिसरा खिळा निघताना कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटायचा.

सातव्या खांबाला नुसता हात लावला
आणि बाहेरचं डांबराचं कातडं तेवढं हातात आलं.
आत खांबाच्याच मापाची माती.
उधईनं सगळं खाऊन
हिशेब चोख ठेवला होता.

मग ती भोकं दिसली.
रुळाचे खिळे बसायचे ती, अंगठा जाईल एवढी,
घराच्या बाजूला तोंड केलेली.
त्यांत काहीतरी कोंबलेलं.
काडीनं ओढलं तर
गुंतवळ.

आईचा.
विंचरून झालं की बोटाला गुंडाळून
ती इथं ठेवायची, केसांवर भांडी देणारी येईपर्यंत.
दाराजवळच्या खांबात काळाभोर,
पुढच्यात मेंदीचा तांबूस,
न्हाणीजवळच्या शेवटच्या खांबात पांढरा, चिमूटभर.
उधईनं लाकूड खाल्लं होतं.
हा तसाच, तेलकट.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत
मोटारसायकलवर भोंगा लावलेला एकजण आला,
केस द्या, भांडं घ्या.
मी मूठ मिटूनच उभी राहिले.
तो पुढच्या वळणापर्यंत गेला.
मग मीच हाक मारली.

त्यानं बोटानं कुस्करून पाहिलं, काट्यावर टाकलं,
"जुना माल आहे" म्हणाला,
आणि चहाची एक गाळणी दिली.
आईनं घासाघीस करून दोन घेतल्या असत्या.

चौथ्या दिवशी अंगण इतकं रिकामं
की वाळत घातलेला टॉवेलही लाजल्यासारखा दिसत होता.
फाटक तेवढं राहिलं होतं, त्याचे दोन खांब सिमेंटात.
हैबतीकाका पेपर घेऊन निघाले,
स्टुलापासून आमची ओसरी दहा पावलांवर, मधे काहीच नाही.
तरी रस्त्यावर गेले, वळसा घातला,
फाटक उघडून आत आले
आणि मागं वळून कडी लावली.
मी नव्या गाळणीनं चहा गाळला.
"हे लाकूड चुलीत घालू नको," एवढंच बोलले,
"भाकरीला डांबराचा वास मारतो."

सोमवारी रुजू.
कोषागारात माझं काम सह्या जुळवायचं:
पेन्शनरांची कार्डावरची आणि समोरची,
जरा शेपटी वेगळी आली की परत पाठवायचं,
म्हाताऱ्यांचे हात थरथरतात हे माहीत असून.

हजेरीपट पुढं आला.
तळहाताला सात फोड, पेन धरवेना.
सही केली, उचलून पाहिली.
ही सही माझ्या टेबलावर आली असती
तर मी परत पाठवली असती.