दुसरा थांबा

शिवडीत, रंगाच्या गोदामावरच्या मजल्यावर
आमची प्रयोगशाळा. सहा आठवडे, बारा मुलं,
चार पिपेट, आणि एक सेंट्रिफ्यूज
जे समोरासमोर नळ्या ठेवल्या नाहीत
तर टेबलावरून चालू लागतं.

पहिल्या दिवशी मी डीएनए दाखवत नाही.
पहिल्या दिवशी पाणी.
खायचा लाल रंग टाकलेलं पाणी,
शंभर मायक्रोलिटर, तराजूवर.
पुन्हा शंभर. पुन्हा.
तराजू म्हणतो ब्याण्णव, तर ब्याण्णवच लिहा.

अंगठा खाली न्या. काहीतरी अडेल.
तो पहिला थांबा. थांबा आला की थांबा.
टोक जेमतेम पाण्याला टेकवा,
अंगठा सोडा, पण सावकाश,
झोपलेल्या बाळाखालून हात काढतात तसा.
आता नळीत सोडताना मात्र
पहिल्या थांब्याच्या पुढे, दाबून, दुसऱ्यापर्यंत.

‘म्हणजे शेवटचा स्टॉप,’ रिझवान परकार म्हणाला.
त्याचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर, बॅकबे डेपोला.
‘गाडी पूर्ण रिकामी करायची, मॅडम.
सीटवर झोपलेल्यालासुद्धा उठवायचं.’
तेव्हापासून ही बॅच थेंब सोडताना
ओठातल्या ओठात म्हणते, बॅकबे.

यामिनी तांडेलचा हात हलत नाही.
ट्रॉम्ब्याला लहानपणापासून जवळा निवडलेली बोटं;
जेलच्या खाचेत निळा थेंब
ती अशी उतरवते की तो खाली बसतो,
आणि खाचेला कळतही नाही.
सुमेध कासारेचा हात हलतो.
रात्री गोवंडीच्या पॅथॉलॉजीत नमुने लिहून
तो सकाळी इथे येतो, डोळे लाल.
मी त्याला कोपर टेबलावर टेकवायला सांगते.
एवढंच. त्याला ओरडत नाही.

ओरडते ती हातमोजे घालून मोबाईल उचलणाऱ्यांना.
आणि नळीवर नुसतं ‘१’ लिहिणाऱ्यांना.
एक काय? कोणाचं? कधीचं?
पुढच्या बुधवारी फ्रीजमध्ये
सगळ्यांचंच ‘१’ असतं.

चौथ्या आठवड्यात, काळोख्या खोलीत,
आम्ही जेल दिव्यावर ठेवलं.
पट्ट्या उमटल्या, मुलं हरखली,
आणि मग सगळे गप्प.
शेवटच्या लेनमध्ये, जिथे नुसतं पाणी होतं,
जिथे काहीच दिसायला नको होतं,
तिथे एक पट्टी. ठळक. बाकीच्यांइतकीच.

कोणीतरी हळूच म्हणालं,
‘फोटोतून तेवढी लेन कापली तर?
बाकी मस्त आलंय.’

सुमेधने वही उघडून माझ्यासमोर धरली.
पेनाने, वाकड्या अक्षरात:
‘४.१० वा. पाण्याच्या नळीत जाताना
टिप बदलली की नाही, आठवत नाही.’
कान तापले होते त्याचे.

माझी एक लेन आहे अशी.
परळला, चोवीस वर्षांपूर्वी, मी कापलेली.
सर फोटो बघून म्हणाले होते, सुंदर.
अजून कुठल्याच बॅचला सांगितलेलं नाही.
दरवर्षी सांगायला घेते,
आणि अंगठा पहिल्याच थांब्यावर अडतो.

मी म्हणाले, फोटो पूर्ण चिकटवा.
जुनं पाणी ओता, टेबल स्पिरिटने पुसा,
नव्या नळ्या भरा, छोट्या छोट्या,
तारीख, नाव, सगळं लिहून.
सुमेधच्या वहीवर सही केली,
आणि सहीखाली लिहायला घेतलेलं एक वाक्य
अर्ध्यावर सोडलं.

यामिनीने विचारलं, आज नवीन काय, मॅडम?
काही नाही.
आज पुन्हा पाणी.