पान एक्केचाळीस

कुणीतरी शहराचा सव्वातीनचा ठोका चोरलाय
आणि तपास एका निलंबित मीटर-रीडरकडे.
एवढं वाचूनच मी पुस्तक घरी आणलं.

दांडिया बाजारातल्या गच्चीवर, तीन रात्री.
कादंबरीतल्या शहराला नाव नाही,
पण पुलाखाली मगरी जबानी देतात,
म्हणजे विश्वामित्रीच, दुसरं काय.
दिव्याचे खांब रात्री जागा बदलतात
हे मला लगेच पटलं;
रावपुऱ्यात मी दोनदा चुकलेय,
ऐन ओळखीच्या वळणावर.

पान एक्केचाळीस. समासात पेन्सिल: ‘हाच तो.’
बाण शिंप्याकडे.
झालं! पुढे तो बिचारा नुसती काजं करतो
आणि मी त्याच्या बोटांकडे बघत बसते.

चोर तो नव्हताच.
कोण, ते सांगत नाही.
(शेवटी जादूगार तीन पानं उलगडून सांगतो,
तेवढं टाळायला हवं होतं.)

पण पेन्सिल एकशे बाराव्या पानावर थांबते,
ओळ अर्धीच अधोरेखून.
पुढे खूण नाही, दुमडलेला कोपरा नाही,
चहाचा डागसुद्धा नाही.
इतकी खात्री असलेला माणूस
मधूनच उठून कुठे गेला?

मांडवीच्या लायब्ररीत पुस्तक परत करताना विचारलं.
जिग्नेशभाई शिक्का मारत म्हणाले,
‘बेन, कोण कुठपर्यंत वाचतं
ते आमच्या रजिस्टरात नसतं.’

वरच्या मजल्याची फरशी काचेची.
माझ्या डोक्यावरून कुणाच्या तरी चपला चालल्या होत्या,
त्या थांबल्या.
अर्धं पाऊल टाकून.