इनटेक-आउटपुट

पहिल्याच रात्री त्यानं सही केली
फ्रिजच्या डाव्या कोपऱ्यावर,
मग दिवाणाच्या पायावर,
मग माझ्या ड्यूटीच्या पांढऱ्या बुटांवर.
निवृत्तीला सात महिने झाले
तरी ते मी टाकले नव्हते.

काळा अंगरखा, गळ्याशी पांढरी पट्टी,
म्हणून नाव वकील.
वय अंदाजे चार.
सापडला माहुलला, टँकर उभे राहतात तिथे.
ज्या चाकावर सही करावी
ते सकाळी सुरतेला निघून जायचं;
मग नवं चाक, नवी सही.
इथे काहीच कुठे जात नाही
हे त्याला कुठल्या भाषेत सांगायचं?

झरीन म्हणाली, ओरडायचं नाही, सिस्टर.
नाक तर घासायचंच नाही त्यात.
फिनेल बंद. व्हिनेगर आणि पाणी.
दर दोन तासांनी खाली,
आणि बाहेर झालं की त्याच क्षणी खाऊ,
जिना चढून आल्यावर नाही.
नसबंदी झालीये, पण सवय मागे राहते.

मला सांगते.
अठ्ठावीस वर्षं सायनच्या पुरुष वॉर्डात
मी लोकांचं मूत मोजलं आहे.
रंग, वास, मिली.
नळी काढल्यावर पहिल्यांदा
आपलं आपण झालेला माणूस
कसा ओशाळून हसतो, ते पाहिलं आहे.
घाण नव्हे ती. बातमी.

तक्ता आखला, फ्रिजवर चिकटवला.
५.१० खाली, झालं. खारी अर्धी.
७.३० खाली, नाही. वर आल्यावर दाराशी.
११.०० चिंचेखाली, दोनदा. शाबास.
३.४० फ्रिज.
३.४० फ्रिज.
पुन्हा फ्रिज.

जुन्या सुती साडीचा पट्टा शिवून पोटाला बांधला.
सोवळं नेसल्यासारखा बसून राहिला दिवसभर,
आणि सोडताक्षणी तिकडेच गेला.

तेंडोलकर वहिनी जिन्यात नाकाला पदर लावू लागल्या.
घोसाळकर सेक्रेटरींनी नोटीस लावली, नाव न घेता,
म्हणजे सगळ्यांना कळेल अशी.
घरमालक म्हणाले, डिपॉझिटातून कापीन.

तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून
जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणला,
घासाघीस करून दोनशे सत्तरला.
चुनाभट्टीच्या त्या दीड खोलीतले दिवे मालवले.
बुटांवर थोडं. दिवाणावर थोडं.
मग मालकाचा फ्रिज सरकवला, जो
रंगाऱ्यानंही कधी सरकवला नव्हता,
आणि भिंत गुडघ्यापर्यंत
पिवळी उजळली,
ओघळावर ओघळ, वर्षांवर वर्षं.
एका महिन्यात एवढं
त्याच्या खापरपणजोबालाही जमलं नसतं.

कोणीतरी होतं इथे.
माझ्या अकरा महिन्यांच्या करारामागे
दुसऱ्या कुणाचे अकरा महिने, त्यामागे आणखी कुणाचे,
आणि त्यात कुणाचा तरी म्हातारा कुत्रा
रोज या कोपऱ्यात येऊन सांगायचा,
मी आहे. अजून आहे.
वकील महिनाभर नुसतं
पत्राला उत्तर देत होता.
मी त्याला हट्टी म्हणत होते.

भिंत घासली, तीन रात्री.
पहिल्या रात्री हात जरा थांबला,
बेड रिकामा झाल्यावर
चादर ओढताना थांबायचा तसा.
मग घासली.

तक्त्यात आता कोऱ्या रात्री आहेत.
सगळ्या नाहीत. काल पुन्हा बूट.
नोंद केली. त्यात त्याची चूक
किती आणि माझी किती, तो रकाना नाही.

आज ५.१० ला खाली नेलं.
घोसाळकरांच्या स्कूटरच्या मागच्या चाकाशी
तो थबकला, पाय उचलला,
आणि वळून माझ्याकडे पाहिलं,
नळी काढलेल्या त्या माणसासारखं.
नऊ वाजता ते चाक
आपली बातमी घेऊन कुर्ल्याला जाणारच होतं.
मी इकडेतिकडे बघितलं
आणि खिशातली खारी काढली.
आख्खी.